डावीकडून बारावी

व्हर्नाबाई,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. आमच्याकडे हे दिवस मोजायची रीत आहे, दहावा, बारावा, तेरावा, पण मी ते स्वतः कुणाचे कधी मोजले नव्हते. माझी आई साताऱ्यात गेली तेव्हा मी इथे न्यू जर्सीत होते, आणि पोचले तोवर तेरावाही उरकला होता. तुमचे मात्र मोजतेय. दुसरं काही सुचत नाही म्हणून मोजतेय, असं म्हटलं तरी चालेल.

आज सकाळपर्यंत माझ्या कॉम्प्युटरवर तुमच्या पुस्तकाच्या दोन फाइली होत्या. दोन्हींत पानं तीच, फोटो तेच, लाल पेनने तुम्ही केलेल्या दुरुस्त्याही त्याच. फरक फक्त एका फोटोखालच्या ओळीत होता. एका फाइलीत माझं म्हणणं होतं, दुसरीत तुमचं. आपलं भांडण तुम्ही अर्धवट सोडून गेलात, आणि कुठली फाइल छपाईला पाठवायची ते ठरवायला मी एकटी उरले.

डेनीसचा फोन आला तेव्हा मी इंडियन स्टोअरच्या रांगेत होते. डेनीस तुमच्या सोरोरिटीच्या, म्हणजे तुमच्या बायकांच्या संस्थेच्या, इथल्या शाखेची अध्यक्ष, पन्नाशीची बाई, पण सातवीत तुमच्या हाताखाली गणित शिकलेली, त्यामुळे तुमचं नाव काढलं की अजून ताठ बसणारी. ती म्हणाली, मिस व्हर्ना सकाळी कॉफी ओतताना कोसळल्या, स्ट्रोक होता, शुद्धीवर आल्याच नाहीत. मी म्हटलं, ओके, थँक यू. मग बिल दिलं, घरी आले आणि कोथिंबिरीची जुडी फ्रीझरमध्ये ठेवली. श्रीकांतने, माझ्या नवऱ्याने, तोंड असं का झालंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, व्हर्नाबाई गेल्या, आणि कणीक मळायला घेतली. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर दगडासारखी झालेली सापडली, ती तशीच टाकून दिली.

संध्याकाळी लेकीचा, ईशाचा, अ‍ॅशबर्नहून फोन आला. तिला बाबाने कळवलं असणार. माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "मॉम, यू शुड जस्ट क्राय." मी म्हटलं, हो गं, रडते. जसं काही ती मला औषध घ्यायची आठवण करत होती. अजून रडू आलेलं नाही, बाई. आतून सगळं दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो तसं झालंय. हात लावला की कळतं, आपलंच आहे, पण लागत काही नाही.

बाई म्हणायची परवानगी तुम्हीच दिली होती. चार वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्यांदा आमच्या लायब्ररीच्या तळघरात आलात, गावाचा जुना इतिहास सांभाळायची माझी जी खोली आहे तिथे. हातात रेसिपीची कार्डं ठेवायचा पत्र्याचा डबा, आणि मागून तुमचा भाचा तीन खोकी घेऊन. सगळे तुम्हाला मिस व्हर्ना म्हणायचे, पण माझ्या जिभेला ते जमेना. तुम्ही शाळेत शिकवत होता हे कळल्यावर मी सांगितलं, आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाईच म्हणतात. तुम्ही तो शब्द दोनदा म्हणून पाहिलात आणि म्हणालात, चालेल, पण बाईचं ऐकावंही लागतं.

त्या खोक्यांत तुमच्या सोरोरिटीच्या इथल्या शाखेचे कागद होते. मला वाटायचं सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचा उद्योग, पार्ट्या, सारखे टी-शर्ट आणि ओरडाआरडा. तुम्ही चष्मा काढून मला समजावलंत, अगदी सातवीच्या मुलीला समजवावं तसं. ब्लॅक बायकांच्या सोरोरिटीचं खरं काम कॉलेज संपल्यावर सुरू होतं. तुमची शाखा पदवीधर बायकांची, एकदा आत आलेली बाई मरेपर्यंत सभासद, आणि एकमेकींना हाक सोरोर अशी, म्हणजे बहीण. अमेरिकेच्या दक्षिणेतून पदव्या घेऊन आलेल्या बारा बायकांनी ती इथल्या एका जेवणाच्या टेबलाभोवती सुरू केली, कारण हॉटेलं त्यांना खोली भाड्याने देत नव्हती. मुलींना कॉलेजसाठी मदत, मतदारांची नोंदणी, शनिवारची फुकट शिकवणी, हे त्यांनी त्या टेबलावरून चालवलं.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळासारखंच. तुम्ही विचारलंत, तुमचं मंडळ काय करतं? मी म्हटलं, गणपती बसवतं आणि बटाटेवडे कुणी करायचे यावरून भांडतं. तुम्ही इतक्या हसलात की वरून लायब्ररीची मुलगी बघायला आली. भांडतो आम्हीही, म्हणालात, पण आम्ही भांडण सभेच्या मिनिट्समध्ये लिहून ठेवतो.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. तुमच्या घरी लेमन केक खायला आले तोवर मला या देशात सव्वीस वर्षं झाली होती, आणि तोपर्यंत मी एकाही ब्लॅक कुटुंबाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. कामावर ओळखी होत्या, शेजारी नमस्कार-चमत्कार होते, पण घरात नाही. तुमच्या सोफ्यावर बसून मला त्याची लाज वाटत होती आणि मी केकची कृती विचारत बसले. तुम्हाला कळलं असणार. तुम्ही कृती दिलीत, दुसरं काही बोलला नाहीत.

मग दर शनिवारी दहा वाजता आपली शाळा भरायची. शाखेला पंचाहत्तर वर्षं होणार होती आणि तुम्ही इतिहासकार म्हणून पुस्तक करायला घेतलं होतं. अडचण पहिल्याच पानावर आली. मिनिट्सच्या जुन्या वहीत संस्थापक बायकांची नावं होती, पण ती त्यांची नव्हतीच. मिसेस अमुक, मिसेस डॉक्टर तमुक. आख्खी यादी नवऱ्यांची. तुम्ही लाल पेनने पहिल्या मिसेसभोवती गोल काढलात आणि म्हणालात, या पुस्तकात एकही बाई नवऱ्याच्या नावाने जाणार नाही. तिची पदवी तिने मिळवली, तेव्हा तो कुठे होता?

एकेक नाव शोधायला आपल्याला महिनेच्या महिने लागले. तुम्ही पुतणे, नाती, चर्चच्या जुन्या सेक्रेटरी यांना फोन लावायचात, मी जुनी वर्तमानपत्रं आणि गावच्या डिरेक्टऱ्या उपसायचे. नाव सापडलं की तुम्ही नवं कार्ड लिहायचात आणि पत्र्याच्या डब्यात लावायचात. आधी तिचं स्वतःचं नाव, मग माहेरचं आडनाव, मग तिच्या घरचे लोक तिच्याबद्दल जे काही सांगतील ते. एकीच्या कार्डावर होतं, पियानो वाजवायची, उधार कुणालाच द्यायची नाही. दुसरीच्या कार्डावर नुसतं, हसताना तोंडावर हात.

त्यातल्या एका शनिवारी मी तुम्हाला आमच्याकडची गंमत सांगितली. तुमच्याकडे आडनाव बदलतं, आमच्याकडे पूर्वी आख्खं नाव बदलायचं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्या वडिलांनी सुमती लिहिलं आणि आई तेव्हापासून सुमती झाली. तुम्ही पेन खाली ठेवलंत. विचारलंत, त्याआधी ती कोण होती?

आणि मला नक्की सांगता येईना. बाई, इतरांच्या आज्यांची नावं मी चार-चार डिरेक्टऱ्यांतून काढत होते आणि माझ्या आईचं माहेरचं नाव मला धड ठाऊक नव्हतं. लहानपणी कानावरून गेलेलं, पण पक्कं नाही. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. ते बघणं तुमच्या किती विद्यार्थ्यांनी भोगलं असेल कोण जाणे. रविवारी सकाळी मी साताऱ्याला मामाला फोन लावला. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, आधी खूप खोकला, मग म्हणाला, "अगं, आमची द्वारकी ती." आणि पुढे म्हणाला, पण सासरी कुणी त्या नावाने हाक मारली की तिला खपायचं नाही हो. ते नाव तिने घरी ठेवून दिलं होतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही मला द्वारकाचं स्पेलिंग विचारलंत आणि एका कार्डावर लिहून घेतलंत. मला वाटलं, लक्षात राहावं म्हणून.

आता त्या फोटोकडे येते. कधीतरी यायलाच हवं.

चर्चच्या पायऱ्यांवर बारा बायका, हॅट, हातमोजे, कोपरात अडकवलेल्या पर्सेस. सगळ्यात उजवीकडची, म्हणजे डावीकडून बारावी, थोडी वळून उभी, जणू कुणी मागून हाक मारलीय. वहीत मात्र अकराच नावं आणि बाराव्या ओळीवर शाईचा असा जाड गिरवलेला पट्टा की कागद फाटायचा बाकी. मी सुरुवातीला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ते राहू दे. मी राहू दिलं. पण अकरा कार्डं पूर्ण झाल्यावर माझे हात शिवशिवायला लागले. एका बुधवारी तुम्ही नसताना मी वहीचं ते पान स्कॅनरवर ठेवलं, शाईचा काळेपणा कमी-जास्त करत बसले, आणि तासाभराने पट्ट्याखालून अक्षरं वर आली. सुंदर वळणदार अक्षरं. पूर्ण नाव, आणि तेही तिचं स्वतःचं, मिसेस वगैरे नाही. ती एकटीच बिनलग्नाची होती.

शनिवारी तुम्ही येईपर्यंत मला दम नव्हता. तुम्ही कोट काढायच्या आधीच मी स्क्रीन तुमच्याकडे वळवला. तुम्ही ते नाव वाचलंत, हात पुढे केलात आणि मॉनिटर बंद केलात.

मी म्हटलं, हिला त्यांनी हाकलून दिलं होतं ना?  मग खुर्चीत बसून, कोट अंगावर तसाच, सगळं सांगितलंत. हाकललं कुणीच नव्हतं. तिचा रंग इतका उजळ होता की अनोळखी लोक तिला गोरी समजत. घरात आजारी आई, तीन धाकटी भावंडं, आणि पदवी असून मिळत होती ती फक्त घरकामं. तेव्हा तिने शहरातल्या मोठ्या दुकानात गोरी म्हणून नोकरी धरली. हॅटच्या काउंटरवर. ज्या दुकानात तुमच्या बायकांना हॅट विकत देत, पण डोक्यावर घालून बघू देत नसत. एका रविवारी चर्चनंतर ती तुमच्या घरी आली आणि तिनेच सांगितलं, माझं नाव वहीतून काढा. ती वही कुणाच्या हाती पडली असती तर तिच्या घरातली चूल विझली असती. वही लिहायच्या तुमच्या आई. तो पट्टा त्यांनी ओढलेला. नाव पुन्हा उच्चारणार नाही असं वचनही त्यांनीच दिलेलं, आणि मरताना ते तुमच्यावर सोपवलेलं.

तुमच्या आई नंतर एकदा त्या दुकानात गेल्या होत्या. काउंटरच्या पलीकडे ती. दोघींनी एकमेकींना ओळख दाखवली नाही. तिने माप विचारलं नाही, आत गेली, आणि बरोबर तुमच्या आईच्या मापाची हॅट घेऊन आली. तुमच्या आई शाखेच्या प्रत्येक सभेला तीच हॅट घालून जायच्या. हे सांगताना तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. 

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, मग तर तिचं नाव यायलाच पाहिजे. आता कोण उरलंय दुखावायला? तुम्ही म्हणालात, नंतर तिने लग्न केलं, नातवंडं आहेत, त्यांना काहीच माहीत नाही. मी म्हटलं, मग कळू दे की. तुम्ही म्हणालात, ते सांगायचं तर तिने सांगायचं, आणि तिने सांगितलेलं नाही. फोटोखाली अकरा नावं आणि शेवटी मोकळी जागा, एवढंच हवं तुम्हाला. मी म्हटलं, मोकळी जागा म्हणजे छपाईची चूक वाटेल, नाव द्या, नाहीतर अनोळखी असं तरी लिहा. अनोळखी या शब्दावर तुम्ही चिडलात. ओळखीच्या बाईला अनोळखी म्हणायचं नाही, म्हणालात.

मग तुम्ही माझ्या आईला मध्ये आणलंत. विचारलंत, तुझ्या आईला सासरच्या चारचौघांत द्वारका म्हटलेलं चाललं असतं का? ते बरोबर होतं म्हणूनच मला झोंबलं. आणि माझ्या तोंडून ते निघालं. "सगळ्यांना नावं परत मिळवून दिलीत, बाई, आणि हिचंच पुसताय. तुमच्यात आणि त्या दुकानात काय फरक राहिला?"

तुम्ही उठलात. डबा उचललात, कोटाची बटणं लावलीत, एकेक, खालून वर. दारात थांबून म्हणालात, "अल्का, तू फक्त कागदाचं ऐकतेस." आणि जिना चढून गेलात. गुडघ्यामुळे तुम्हाला एकेका पायरीवर थांबावं लागायचं. मी दर वेळी मागे यायचे, त्या दिवशी आले नाही.

सहा शनिवार गेले. मी फोन केला नाही, तुम्हीही केला नाहीत. प्रत्येक शनिवारी मी दहा वाजता वर बघायचे आणि स्वतःला सांगायचे, पुढच्या आठवड्यात करू. माझी बाजू बरोबर आहे अशी माझी खात्री होती, आणि बरोबर बाजूच्या माणसाने आधी फोन का करायचा? आता हे लिहिताना वाटतं, एक फोन करायला किती वेळ लागला असता. नुसतं विचारायचं होतं, बाई, गुडघा कसा आहे.

डेनीसला आपल्या भांडणाचा पत्ता नव्हता. तुम्ही सांगितलं नव्हतंत, हे तुमचं मोठेपण. तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला, पुस्तक आता छापायलाच हवं, शाखेच्या पंचाहत्तरीचा समारंभ मिस व्हर्नांच्या नावाने करणार आहोत. आणि म्हणाली, "त्या फोटोखालची ओळ तेवढी राहिलीय ना? तुमचं दोघींचं जे ठरलं असेल ते टाका. आमचा तुमच्यावर ट्रस्ट आहे." मी म्हटलं, हो, टाकते. मग बसून दोन फाइली केल्या. एकीत नाव, एकीत मोकळी जागा. नावाची फाइल उघडून मी बराच वेळ बघत बसले. बारा बायका, बारा नावं. बाई, दिसायला फार छान दिसत होतं. अडवायला आता कुणीच नव्हतं, आणि ते मला आवडत होतं हेही सांगून टाकते.

शनिवारी तुमचा अंत्यविधी झाला, त्याच चर्चमध्ये, त्याच पायऱ्या. शनिवारी सकाळी दहा. तुम्ही वेळ पाळलीत.

सर्व्हिसच्या आधी तुमच्या सोरोर बाजूच्या हॉलमध्ये जमल्या, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. आमच्याकडेही अशा वेळी पांढरंच घालतात, म्हणून मीही पांढरा कुर्ता घालून आले होते आणि एका बाईने मला त्यांच्यातली समजून हाताला धरून आत नेलं. दारात डेनीसने हळूच सांगितलं, सॉरी, ही आमची हजेरी फक्त सभासदांची. मी म्हटलं, अर्थात. चार वर्षं तुमचे सगळे कागद माझ्या हाताखालून गेले, पण हजेरी कागदावर नव्हती. मी बाहेरच्या खुर्चीत बसले. आत व्हीलचेअरवरच्या एक आजी दाराशीच बसल्या होत्या, त्यामुळे दार चार बोटं उघडं राहिलं. उठून लांब बसावं असं मनात आलं, पण उठवलं नाही.

डेनीस एकेक नाव वाचत होती. गेलेल्या सगळ्या सभासदांची, पहिल्यापासून. प्रत्येक नावानंतर आतल्या सगळ्या एका सुरात म्हणत, "प्रेझेंट." गेलेलीच्या वतीने बाकीच्या हजेरी देत होत्या. संस्थापकांची नावं आली तेव्हा मी पाठ असल्यासारखी ओठ हलवत होते. एकही मिसेस नाही, बाई. सगळी त्यांची स्वतःची नावं, आपण शोधलेली. पियानो वाजवणारी, तोंडावर हात ठेवून हसणारी. मी बोटांवर मोजत होते. नऊ, प्रेझेंट. दहा, प्रेझेंट. अकरा, प्रेझेंट.

मग डेनीस थांबली. मला वाटलं पान उलटताना अडलं. आत कुणी खोकलं नाही, खुर्ची सरकली नाही. एक नाव म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सगळं गप्प राहिलं. आणि कुणीही काही न म्हणता त्या सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "प्रेझेंट."

पुढची नावं सुरू झाली. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. सगळ्यात शेवटी तुमचं नाव आलं आणि सगळ्यांनी हजेरी दिली. तुमच्यासाठी आवाज थोडा फाटला.

नंतर मी डेनीसला विचारलं, अकराव्यानंतर तू थांबलीस ते कशासाठी? ती जरा गोंधळली, मी ऐकलं म्हणून असेल. म्हणाली, "ते आमच्यात पहिल्यापासून तसंच आहे. मिस व्हर्ना शिकवायच्या. अकरानंतर थांबायचं, आणि उत्तर द्यायचं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही." तिने स्वतःही कधी विचारलं नव्हतं. बाईंना कोण विचारणार?

म्हणजे इतकी सगळी वर्षं ती बाई तुमच्या प्रत्येक हजेरीला हजर होती. नाव न घेता. ज्यांना ती कोण ते ठाऊकही नाही अशा बायका तिच्या वतीने उत्तर देत आल्या. आणि मी तुमच्या तोंडावर म्हणाले, तुम्ही तिला पुसताय. कागदाचं ऐकणारी मी, तासभर खपून शाईखालून अक्षरं काढली, आणि तुमच्यावर मिरवली. बाई, माझं चुकलं. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं, तुमच्या त्या नजरेखाली. ते आता होणार नाही, हे मला कळतंय, पण अजून आत पोचत नाहीये.

निघताना डेनीसने तुमचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. वर तुमच्या लाल अक्षरात चिठ्ठी, अल्कासाठी. चिठ्ठीचा डिंक वाळलेला, ती भांडणाच्या आधीची असेल किंवा नंतरचीही. मी ठरवायच्या भानगडीत पडले नाही. अकरा कार्डं क्रमाने होती. त्यांच्या मागे एक कार्ड आडवं घातलेलं. द्वारका. साताऱ्याची. तांदळात सुमती. पोळ्या कडेने जाड, लेक सांगते. आणि खाली, अधोरेखित, घरचं नाव, घराबाहेर नको.

ते मी इथे लिहून टाकलंय, आईने माफ करावं. तिच्याच भाषेत लिहिलंय, एवढीच माझी सबब. त्या दुसरीचं नाव मात्र इथेही लिहीत नाही आणि यापुढे कुठेही लिहिणार नाही. सकाळी मी नावाची फाइल पुसली, स्कॅन पुसला, आणि पेन ड्राइव्हवर लपवून ठेवलेली प्रतही पुसली. हो, ठेवली होती. तुम्हाला ठाऊकच असणार.

दुसरी फाइल छापखान्याकडे पाठवली. दुपारी तिथल्या माणसाचा फोन आला. चांगला, काळजीने काम करणारा माणूस. म्हणाला, मॅडम, पायऱ्यांवरच्या फोटोखाली काहीतरी राहिलंय, बायका बारा आणि नावं अकरा, शेवटी नुसती जागा सुटलीय. नाव पाठवता का? मी म्हटलं, नाही, बरोबर आहे ते. तो म्हणाला, मग ती जागा काढून ओळ मधोमध घेऊ का, नीट दिसेल.

"नको," मी म्हटलं. "तिथे एक जण उभी आहे."